हजराची चटई

"ही चटई मला दे," सिओने म्हणाला, आणि इनायतचा झारा कढईवरच थांबला.

काय मागावं माणसानं! शिंदीची जुनी चटई, कडेला उसवलेली. पण इनायत रत्नागिरीहून निघाला तेव्हा त्याच्या बायकोने, हजराने, विणून दिलेली. कतारमधल्या उम्म सईदच्या तेलबंदरात, मेसच्या भटारखान्यात राबणाऱ्या इनायतजवळ तिची तेवढीच वस्तू उरली होती. मागच्या उन्हाळ्यात ती गेल्याची तार आली, तेव्हा डाळ चुलीवर होती. त्याने फोडणी दिली, सगळ्यांना वाढलं. कुणाला कळलंसुद्धा नाही.

सिओने टगबोटीवरचा खलाशी, टोंगा बेटांवरचा, दारातून वाकून यावं लागे एवढा धिप्पाड. आज बंदराला लागलेल्या जहाजावरच्या गाववाल्याने त्याला बाप गेल्याचं सांगितलं होतं. त्यांच्यात म्हणे दुखवट्याला कमरेला चटई बांधतात. गेलेला माणूस आपल्याहून जितका मोठा, तितकी चटई फाटकी. मुलांनी मयताजवळ बसायचं नाही. मागे चुलीपाशी राबायचं.

इनायतने झारा बाजूला ठेवला आणि चटई उचलून त्याच्या हातात दिली. सिओनेने ती दोरीने कमरेला आवळली आणि भांडी घासायला बसला. घासता घासता ढसाढसा रडला. असं रडणं इनायतला मेलं कधी जमलंच नव्हतं.

दुपारी मेसचा साहेब आला आणि हे काय सोंग म्हणून तडकला. इनायतने कारण सांगितलं. साहेबाने टोपी काढली, सिओनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. इनायतला सिओनेचा हेवा वाटला. मग आपल्याच मनाची लाज वाटली.

दुखवटा संपला तसा सिओने चटई परत घेऊन आला.

"विणली कुणी?"

"बायकोने."

"मग ती रागावली असेल तुझ्यावर."

"ती नाही राहिली."

 सिओने खाली बसला आणि ती चटई त्याने स्वतःच्या हातांनी इनायतच्या कमरेला बांधली. 

जेवणाची घंटा झाली. इनायत तसाच वाढायला उभा राहिला. रांगेतल्या पहिल्या माणसाने ताट पुढे केलं, चटईकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, इनायतभाई?"

"माझी हजरा," इनायत म्हणाला आणि त्याच्या ताटात डाळ वाढली.

मागचा माणूस पुढे आला. त्यानेही विचारलं.