माझ्या गठ्ठ्याचं गिऱ्हाईक

आधीच सांगून ठेवते, मी चांगली गाते. मागच्या वर्षीपर्यंत हे वाक्य मी आरशासमोरसुद्धा म्हणू शकत नव्हते. आता कुणी विचारलं नाही तरी सांगते आणि आई कपाळाला हात लावते. म्हणून आमच्या दिग्रसच्या हौशी नाट्यमंडळानं ‘संगीत चंदनपूरची राणी’ बसवायला घेतलं आणि किसनराव सरांनी दहावीतल्या मला राणीच्या सखीचं काम दिलं, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. सखीला सगळ्या नाटकात एकच पद आहे. पण काय पद आहे! राणी रुसून आत गेलेली, मंचावर अंधार आणि मी एकटी: ‘दार लोटुनी गेला वारा, दिवा कुणाला पुसे.’ त्या ‘पुसे’वर आवाज असा चढतो की तालमीच्या खोलीतल्या वळचणीची चिमणी उडून जाते. खरंच जाते, अमर तबलेवाल्याला विचारा.

घोळ झाला तो तिकिटांमुळे. एवढी वर्षं मंडळाची नाटकं फुकट असायची. यंदा सरांनी मंगल कार्यालय भाड्यानं घेतलं, पडदा नवा शिवला आणि तिकीट लावलं. पुढे खुर्चीला दीडशे, मागे सतरंजीवर तीस. प्रत्येक कलाकाराच्या हातात खुर्च्यांच्या पंचवीस तिकिटांचा गठ्ठा आला आणि नियम आला: ज्याचा गठ्ठा खपणार नाही त्याचं पद जाईल, आणि जो सगळ्यात जास्त खपवेल त्याला मिळेल. सरांच्या मते यात पक्षपात राहत नाही. राणीचं काम करणाऱ्या निशिगंधाचे पप्पा कापसाच्या जिनिंगचे मालक आहेत, तिचा गठ्ठा पहिल्याच दिवशी संपला, हे सरांना दिसत नव्हतं की काय कोण जाणे.

मी मात्र अख्खं दिग्रस पालथं घातलं. शाळेच्या बाईंनी एक घेतलं, शेजारच्या जमनाबाईंनी एक घेऊन दुसऱ्या दिवशी परत केलं. किराणावाले काका म्हणाले, मोबाइलवर फुकट गाणी ऐकायला मिळतात, तुझ्याच गाण्याला काय सोनं लागलंय. आमचे बाबा मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतात. त्यांनी तिकीट उलटंपालटं करून पाहिलं.

“दीडशे रुपये नुसते बसाचे? तेवढ्यात तं जुनी खुर्चीच घरी येते.”

आपण सतरंजीवरच बसू, असं त्यांनी आईलाही परस्पर सांगून टाकलं.

नाटकाला आठवडा उरला तेव्हा माझी चार तिकिटं गेली होती. मी गठ्ठा सरांच्या टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन बसले. रडले नाही, पण त्या दिवशी चिमणी जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीला गेले तर सर म्हणाले, पायल, तुझा गठ्ठा खपला, पद तुझंच. कुणी घेतला, तर म्हणाले, घेणाऱ्यानं नाव सांगू नका म्हटलं आहे. मी विचारलं, आणि नसता खपला तर? सरांनी चष्मा पुसत सांगितलं, नियम म्हणजे नियम.

दुसरी कुणी असती तर आनंदानं नाचली असती. मलाही एक मिनिट नाचावंसं वाटलं. मग डोक्यात किडा शिरला. एकवीस खुर्च्या, त्याही नाव लपवून? आपल्या गावात माणूस देवळाला पंखा देतो तोही पात्यांवर आजोबांचं नाव रंगवून.

पहिला संशय बाबांवर. जेवताना मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, तर ते अजून दीडशेच्या खुर्चीवरच हसत होते. इतका चांगला नट आमच्या घरात असता तर मंडळानं त्यांनाच घेतलं असतं. दुसरा संशय अमरवर, कारण माझं पद सुरू झालं की तो उगाच मान खाली घालून हसतो. त्याला मी सरळ गाठलं.

“माह्याजवळ एवढे पैसे असते तं तबल्याची पुडी नसती का बदलली?” तो म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, “काहून, तुले वाटलं का मी घेतले?”

मी म्हटलं, अजिबात नाही. आणि तिथून पळाले.

मग राहिली निशिगंधा. ती त्या आठवड्यात माझ्याशी फार गोड वागत होती. बारावीची मुलगी दहावीच्या मुलीला स्वतःच्या डब्यातली कचोरी कशाला देईल? माझं पद चालू असताना ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी सुटल्यासारखा श्वास सोडायची. मी कचोरी खाल्ली, पण कारण मला कळलं होतं. तिनं माझ्या खुर्च्या विकत घेतल्या होत्या, रिकाम्या ठेवायला. मी गायला उभी राहणार आणि समोर एकवीस मोकळ्या खुर्च्या. किंवा त्याहून वाईट, त्यांवर शिट्ट्या मारणारी पोरं. मी रात्री अंथरुणात त्या खुर्च्या भरून आणि रिकाम्या करून पाहिल्या. दोन्हीकडून मीच मरत होते.

रंगीत तालमीच्या दिवशी ती मेकअपच्या खोलीत एकटी सापडली. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, माझ्या तिकिटांचं तू काय करणार आहेस?

ती नाकात नथ अडकवत होती. तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

“जिनिंगमधल्या लोकाईले वाटली. सगळे येतात, तू कायले टेन्शन घेते?”

“पण घेतली काहून?”

“पप्पांनी पैसे दिलते. म्हणे, त्या पोरीचा गठ्ठा खपून नाही राह्यला, तू अजून एक घे, तिचं पद तुले भेटते. मी घेतला अजून एक.” तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. “तुझा घेतला.”

मला काही समजेना. मी विचारलं, पद नको होतं तुला?

“माहा आवाज तिथं फाटते, पायल. ‘पुसे’वर. घरी शंभर डाव करून पाह्यलं. सगळ्या जिनिंगसमोर फाटला असता. पप्पाले सांगून पाह्यलं, ते आयकतच नाही. त्याईले अजून वाटते, मीच म्हणणार.”

एवढं कळल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ते ऐकायचंच होतं. “म्हणजे मी चांगली गाते म्हणून नाही?”

“तुझं मले काय मालूम,” ती नथेचा फासा आवळत म्हणाली. “माहा फाटते, एवढं मालूम आहे.”

मी घरी आले ती अशी की आईनं हात लावून ताप पाहिला. वर्षभर जे सगळ्यांना सांगत फिरले होते, ते खरं की नाही हे आता मला ठरवता येईना. पद माझ्याकडे राहिलं ते दुसरीला नको होतं म्हणून. टाळ्या पडल्या तरी त्या जिनिंगच्याच असणार. आणि चिमणीचं काय, ती तबल्याच्या दणक्यानंही उडत असेल.

नाटकाच्या संध्याकाळी मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. खुर्च्या भरल्या होत्या. मधोमध निशिगंधाचे पप्पा आणि भोवती त्यांची माणसं, इस्त्रीच्या शर्टात, लग्नाला आल्यासारखी. मागे सतरंजीवर आईबाबा आणि अनोळखी लोकांची बरीच गर्दी.

दुसऱ्या अंकात अंधार झाला. मी पुढे आले. निशिगंधाच्या पप्पांनी मोबाइल उचलून धरलेला दिसला, आणि उजेड माझ्यावर पडला तसा तो हळूहळू मांडीवर आला. त्यांनी विंगेकडे पाहिलं, परत माझ्याकडे. मी गायले. ‘पुसे’ लागला, नीट लागला, इतकं मला कळलं. पद संपलं. पप्पांचे हात मांडीवरच होते. त्यांच्या माणसांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आपापले हात मांडीवर ठेवले. मागून थोड्या टाळ्या आल्या, पुढची शांतता पाहून त्याही विरल्या.

आता राणीनं यायचं होतं. तेवढ्यात मागून भसाडा आवाज आला, “वन्स मोअर.”

मी पहिल्यांदा विंगेत पाहिलं. निशिगंधानं दोन्ही हात हलवून खूण केली, ‘मी नाही सांगितलं.’ मग बाबांकडे पाहिलं. ते मंचाकडे पाठ करून, बाकी सगळ्यांसारखे मान वळवून त्या माणसाकडे बघत होते. त्यांचाही बेत नव्हता. खांद्यावर गमछा टाकलेला, कधी न पाहिलेला एक आडदांड माणूस सतरंजीवर उभा होता आणि त्याची बायको सदरा धरून त्याला खाली ओढत होती. खुर्चीतल्या कुणीतरी त्याला बसायला सांगितलं.

“काहून बसू?” तो म्हणाला. “घरातल्या सहा जणाचं तिकीट काढून आलो. पोरगी चांगली म्हणते, तं अजून एक डाव आयकू नाही का?”

बायको म्हणाली, आयका, पण बसून आयका. सतरंजी हसली. पुन्हा वन्स मोअर आला, या वेळी बायकांच्या बाजूनं, मग पोरांच्या. मी अजूनही एकेक चेहरा तपासत होते की यातलं कोण कुणाचं. कुणीच कुणाचं निघेना. निशिगंधाचे पप्पा ताठ बसून होते. त्यांच्या शेजारच्या माणसानं मात्र मांडीवरचे हात काढून घेतले होते.

विंगेतून किसनराव सरांनी मान हलवली. अमरनं ठेका धरला. मी पहिल्या रांगेच्या डोक्यांवरून सतरंजीकडे बघितलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.