अक्षरांभोवतीचं खळं

पोहायला शिकवणाऱ्या बाईंना ‘डुबकी’ हा शब्द पाण्याखाली दिवा लावल्यासारखा हवा होता. लहान मुलांसाठी त्या नवा वर्ग सुरू करत होत्या आणि तलावाच्या दारावर लावायला मोठा फलक पाहिजे होता. “अक्षरं जाडजूड, हात लावला तर हाताला लागतील अशी. आणि आतून उजळलेली. कळलं ना, ताई?” तलावाच्या काठावरून हाक मारावी तशा आवाजात त्यांनी सांगितलं. शिट्टी दुकानातही गळ्यातच होती. मी म्हटलं, कळलं. गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी आधी कळलं म्हणायचं, ही आमच्या धंद्यातली पहिली पायरी.

दुकान आम्हा दोघांचं. मागच्या खोलीत नवरा छपाईचं मशीन सांभाळतो आणि पुढच्या कोपऱ्यात मी कॉम्प्युटरवर अक्षरं सजवते. स्क्रीनवरचे रंग खरे दिसावेत म्हणून त्या कोपऱ्याला जाड काळा पडदा लावला आहे. आत दिवसाही तिन्हीसांजा असतात. बायको कुठे आहे असं कुणी विचारलं तर नवरा सांगतो, “गुहेत.” दिवसभरात तो जेवढे शब्द बोलतो त्यातले निम्मे मशीनला उद्देशून असतात, त्यामुळे हा विनोद मी जपून ठेवला आहे.

त्या गुहेत गेले काही आठवडे मी घाबरून बसत होते. काळ्या स्क्रीनवर पांढरं अक्षर आलं की त्याच्याभोवती कडं दिसायचं, बाहेरून तांबूस, आतून निळसर. उजव्या भुवईच्या वर ठणकायला लागायचं. उठून बाहेर उन्हात उभी राहिले की हळूहळू ठणकाही जायचा आणि कडंही. मग मी स्वतःला सांगायची, बघ, काही नाही.

खरंच काही नसतं तर नवऱ्याला सांगितलं असतं. सांगितलं नाही, कारण माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. चंद्राभोवती कडं दिसलं की खळं पडलं म्हणतात, तसं आई संध्याकाळी बल्बकडे बघून म्हणायची, “दिव्याला खळं पडलंय, आज पाऊस येणार.” आम्ही हसायचो. आज आई भिंत चाचपत बाथरूमपर्यंत जाते. हे दुखणं रक्तातून येतं, लेकींनी डोळे तपासून घ्यावेत, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. मी मान डोलावली आणि घरी आले.

एकदा डोळ्यांची धास्ती घेतली की कळतं, आपल्या भाषेचं डोळ्याशिवाय पान हलत नाही. शेजारीण म्हणते, पोरावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. नवरा म्हणतो, शाईवाल्याने पुन्हा डोळ्यात धूळ फेकली. कुणी असं काही म्हणालं की मी विषय बदलायची. आणि मी स्वतः काय करत होते? मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तेच. एक साधी परीक्षा होती, उजवा डोळा झाकून नुसत्या डाव्याने स्क्रीनकडे बघायचं. तेवढंही मी केलं नव्हतं.

तर ‘डुबकी’. आमच्या कामात चित्र एकसंध नसतं, काचा एकावर एक ठेवाव्यात तसे त्याचे लेयर असतात. आधी ठसठशीत अक्षरात शब्द लिहिला. त्याची प्रत काढून केसभर तिरपी खाली सरकवली, मग त्या प्रतीची प्रत, तिची आणखी एक, आणि मागच्या सगळ्या प्रतींना गडद निळा रंग दिला. अशा एकामागे एक रचल्या की अक्षराला जाडी येते, ते कागदातून पुढे आल्यासारखं वाटतं. सगळ्यात वरच्या अक्षराला जवळजवळ पांढरा रंग आणि कडांना चकाकी. मागे काळोखं पाणी. आणि अक्षर आणि पाणी यांच्या मधे खरी करामत, त्याच अक्षरांची धूसर करून पसरवलेली निळी प्रत. तोच उजेड.

घोळ उकाराने केला. जाडी देताना ‘डु’च्या उकाराचं पोट बुजलं आणि लांबून ‘डबकी’ असं वाचायला येऊ लागलं. मुलांना पोहायला शिकवायचं आणि दारावर ‘डबकी’, म्हणजे बाईंनी शिट्टी वाजवून मला दुकानाबाहेर काढलं असतं. उकार साफ करायचा तर कडा स्वच्छ दिसायला हव्यात, म्हणून मी उजेडाचा लेयर तेवढ्यापुरता बंद केला. प्रत्येक लेयरच्या शेजारी एक चिमुकला डोळा काढलेला असतो. त्यावर क्लिक केलं की डोळा मिटतो आणि तो लेयर दिसेनासा होतो, पुन्हा क्लिक केलं की उघडतो. ज्याने कुणी हे काढलं त्याचं माझ्याशी काही वैर नसणार.

उकार मोकळा झाला. भुवई ठणकत होती. मी खुर्ची मागे सरकवून पूर्ण शब्द पाहिला. अक्षरं काळ्या पाण्यातून वर आली होती आणि त्यांच्याभोवती प्रकाश सांडला होता. छान झालंय असं वाटलं आणि मी फाइल मागच्या खोलीत पाठवून उन्हात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा छापलेली पट्टी हातात घेऊन आला. मोठं छापण्याआधी तो नेहमी एक पट्टी काढून बघतो.

“उजेड नाही आला,” तो म्हणाला.

पट्टी मी दारात नेऊन पाहिली. अक्षरं जाड होती, चकाकत होती, पण काळ्या कागदावर डकवल्यासारखी. भोवती काही नव्हतं.

“फिकी निळी शाई कमी पडत असेल,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि आत गेला. मशीनचं शाई सोडणारं तोंड त्याने धुतलं, पट्टी काढली. उजेड नाही. पुन्हा धुतलं. शाईची नवी बाटली लावली. मशीनला समजावत असल्याचा आवाज येत होता, “काय झालं रे तुला? काल तर बरा होतास.” मी माझ्या कोपऱ्यात दुसरं काम उघडून बसले होते आणि एक अक्षरही पुढे सरकत नव्हतं. कुठेतरी आतमध्ये मला कळलं होतं. पण आत कळलेलं वर येऊ द्यायचं नसेल तर माणूस काय काय करतो, मी टेबल पुसत होते.

तो कोपरापर्यंत निळा होऊन पडद्याशी आला. “एकदा बघ ना. स्क्रीनवर उजेड आहे ना नक्की?”

मी फाइल उघडली. अक्षरं आली, भोवती निळसर प्रकाश आला. “आहे की. मी काय आंधळी आहे?”

बोलून गेले. हे वाक्य आमच्या घरात रोज कुणीतरी कुणाला म्हणतं. मीठ सापडत नाही, किल्ली समोर असते, लगेच आंधळा आहेस का. त्या दिवशी मात्र मला ते परत गिळावंसं वाटलं.

तो पडदा सारून आत आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागला. मग हात अंगाला पुसून त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात, लेयरच्या यादीवर बोट ठेवलं.

“हा डोळा बंद आहे,” तो म्हणाला.

मी पाहिलं. बंद होता.

“विसरली असशील उघडायला,” तो म्हणाला. त्याला हायसं वाटलं होतं, मशीन निर्दोष सुटलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं. माझ्याकडे वळून त्याने अगदी हळू विचारलं, “पण तू आत्ता उजेड आहे म्हणालीस.”

मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. अक्षरं काळ्या पाण्यात सुनी उभी होती. हात काढला, प्रकाश आला. पुन्हा ठेवला, गेला. इतके आठवडे टाळलेली परीक्षा अशी चुटकीसरशी झाली.

“काय दिसतं तुला?” त्याने विचारलं.

मला सांगता येईना. कडं म्हटलं तर ते कडं नव्हतं, धुकं म्हटलं तर धुकं नव्हतं. आणि रडू इतकं जवळ आलं होतं की तोंड उघडायची सोय नव्हती. मग जे येत होतं ते केलं. नवा लेयर उघडला. उजव्या डोळ्याने एकदा बघायचं, तो झाकायचा, आणि डाव्याने बघत ते स्क्रीनवर उतरवायचं. अक्षराच्या कडेला थोडी काळी जागा सोडली. मग निळसर कडं, त्याच्या बाहेर पिवळं, अगदी बारीक, आणि सगळ्यात बाहेर तांबूस. धूसर केलं, फार झालं, कमी केलं. एरवी गिऱ्हाइकाच्या मनातलं काढायला चार वेळा खोडावं लागतं. हे पहिल्याच झटक्यात जमलं, कारण नमुना माझ्याजवळच होता. झाल्यावर डाव्या डोळ्याने पाहिलं आणि म्हटलं, “हे असं.”

तो स्क्रीनकडे बघत राहिला. त्याला माझ्या आईची गोष्ट माहीत होती. तिला दवाखान्यात तोच नेत होता.

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले.”

“आणि मी सकाळपासून मशीन धुतोय,” तो म्हणाला. त्याला बहुतेक भांडायचं होतं. निळा हात त्याने माझ्या डोक्यावर ठेवला आणि मग शाईची आठवण होऊन काढून घेतला.

तेवढ्यात दुकानात शिट्टी खुळखुळली. बाई फलकाचं काय झालं ते बघायला आल्या होत्या आणि पडदा वगैरे मानणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. सरळ आत आल्या, स्क्रीनसमोर थबकल्या.

“अगं बाई, हेच की,” त्या म्हणाल्या. “अगदी हेच हवं होतं मला. पाण्यात डोळे उघडून दिव्याकडे बघितलं ना, की असाच रंग फुटतो. ताई, कसं सुचलं हो तुम्हाला?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला त्याने कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

“ते द्यायचं नाहीये,” तो म्हणाला.

“म्हणजे? दुसऱ्या कुणाचं आहे का?”

“माझं आहे,” मी म्हटलं. “मला उजव्या डोळ्याने असं दिसतं. सगळ्याच दिव्यांभोवती दिसतं. माझ्या आईलाही असंच दिसायचं आणि आता तिला काहीच दिसत नाही. मला फार भीती वाटतेय हो.”

इतके दिवस जे घरच्या माणसाला सांगितलं नाही ते मी गळ्यात शिट्टी घातलेल्या परक्या बाईला सांगून मोकळी झाले. तिथेच माउसवर डोकं टेकून रडले. रडताना ऐकलं, नवरा मागच्या खोलीत मशीन बंद करत होता.

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “उठा,” त्या म्हणाल्या. “गाडी बाहेर आहे. फलक काही पळून जात नाही.”

निघताना नवऱ्याने माझं ते चित्र छोट्या प्रिंटरवर छापून घेतलं. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी ते पाहिलं, मग मला. डोळ्यात थेंब घातले, दाब मोजला, आणि तिथूनच आत नेलं. आईचंच दुखणं, डोळ्याच्या आतलं पाणी तुंबत होतं म्हणे. अंधारात डोळ्याची बाहुली पसरली की त्या पाण्याची वाट आणखी अरुंद होते, म्हणजे गुहेत बसून मी त्याला हातभारच लावत होते. लेझरने बारीक भोक पाडून त्यांनी पाण्याला वाट करून दिली. डाव्या डोळ्यातही तशीच वाट करून ठेवली, त्याच्यावर पाळी येऊ नये म्हणून.

पुढच्या भेटीत त्यांनी मला एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात बघायला बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी सगळे ठिपके टिपल्याच्या खुशीत बाहेर आले. मग त्यांनी कागद दाखवला. उजव्या डोळ्याच्या चित्रात नाकाकडचा वरचा कोपरा काळा होता.

“एवढं गेलंय,” त्या म्हणाल्या. “ते परत येणार नाही. बाकीचं राहील. औषध चुकवायचं नाही.”

मी त्या काळ्या कोपऱ्याकडे बघत बसले. कड्याला मी रोज घाबरत होते. हा कोपरा कधी गेला ते मला कळलंसुद्धा नव्हतं, त्याची भीती वाटायचा प्रश्नच आला नव्हता. लवकर आले असते तर, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. उत्तर डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर होतं आणि ते मला नीट दिसत होतं.

बाहेर पडल्यावर नवरा नेहमीसारखा माझ्या डावीकडून चालू लागला, मग थांबला, मागून वळसा घालून उजवीकडे आला. रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती. त्याने माझा दंड धरला.

“अरे, कोपरा नाकाकडचा गेलाय,” मी म्हटलं. “तिथलं डावा डोळा बघतो. तू या बाजूला येऊन काही उपयोग नाही.”

“असू दे,” तो म्हणाला, आणि त्याच बाजूने चालत राहिला.