झाकलेला आकडा

मोजणाऱ्याने आधी स्वतःच्या इच्छेवर झाकण ठेवावं, हे मला दादानेच शिकवलं. म्हणून तर त्या दिवशी डोकं एवढं फिरलं.

दादा माझा सख्खा भाऊ. आयुष्यभर त्याचं म्हणणं एकच: गुरुत्वाकर्षण मुळात नसतंच. बाजारातला गोंगाट कुणा एकाचा नसतो, गर्दी जमली की होतो, तसंच हे. म्हणजे दोनच कण समोरासमोर ठेवले, तर गुरुत्वाकर्षणामुळे ते एकमेकांत गुंतायला, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्याशी बांधली जायला, नकोत. हे तपासणारं यंत्र मी बांधलं. दोन सूक्ष्म मणी, पुंजभौतिकीच्या नियमाने प्रत्येक मणी एकाच वेळी दोन जागी, आणि विजेची ओढ अडवायला मध्ये पातळ पत्रा, कारण त्या ओढीनेही मणी गुंतू शकतात.

आमच्याकडे रीत अशी की खऱ्या उत्तरात संगणक एक गुपित आकडा मिसळतो. मग मनासारखं उत्तर ओढून आणायची सोयच राहत नाही. सगळ्या तपासण्या मान्य झाल्या की तो आकडा वजा करायचा, आणि त्यानंतर कशालाही हात लावायचा नाही. दादाने एकूण एक तपासणी मान्य केली. पत्रा तर पुन्हा पुन्हा बघितला. वर म्हणाला, "चिमे, आता कुणाची बोट ठेवायची हिंमत नाही."

तो आकडा वजा करून झाकण काढलं. मणी गुंतले होते, अगदी स्पष्ट. मी आनंदाने ओरडणारच होते.

"पत्रा परत बघू या," दादा म्हणाला.

"तूच मान्य केलास की!"

"तुझ्या हाताला लहानपणापासून घाई, चिमे. जाहीर करायचं थांबव थोडे दिवस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आरसे बसवताना श्वास रोखून धरणारी मी, आणि माझ्या हाताला घाई! ह्याचं म्हणणं आपटलं, तर खापर बहिणीच्या माथी? आता थांबले असते तर माझ्या यंत्रावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता.

"दादा, खरं सांग. आकडा तुझ्या बाजूने आला असता, तर पत्र्याचं नाव तरी काढलं असतंस?"

त्याने चष्मा काढला.

"नसतं काढलं."

खरं बोलला म्हणून माझा राग काही उतरला नाही. त्याच्या डोळ्यांदेखत मी निकाल सगळ्यांना पाठवून दिला. प्रयोग करणाऱ्यांच्या नावांत त्याचं नाव माझ्या शेजारीच होतं. ते काढ, असं त्याने म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.