खंडेनवमीचा खड्डा

कुजक्या अंड्यांच्या वासानं हरखून जाणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरीत एकच असेल, आणि तो दर्पण कॉलनीत दोन खोल्यांत एकटा राहत होता. रमाकांत त्याचं नाव. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, आणि शाळासोबती शिवाजीराव सोडले तर बोलायला कोणी न उरलेले. आता तर शिवाजीरावही बोलत नव्हते.

दोष रमाकांतांचाच होता. शिवाजीरावांची शहराबाहेरची शेती खारावली होती; उन्हाळ्यात मीठ फुटून पांढरी पडायची. "खोल चर खण, खारं पाणी निघून जाईल," असं रमाकांतांनीच छातीठोकपणे सांगितलं. पाणी निघालं खरं, पण जमिनीच्या पोटात दडलेल्या लोखंडाला नि गंधकाला त्या चरानं हवा लागली, आणि वाहू लागलं ते तांबूस, लिंबासारखं आंबट पाणी. ते शेताखालच्या तळ्यात उतरलं आणि शिवाजीरावांच्या बायकोनं, विजयाबाईंनी, हौसेनं सोडलेले मासे उताणे तरंगले. बायकोचे डोळे पुसून शिवाजीराव एवढंच म्हणाले, "तुला त्या पाण्याचं काय करायचं ते कर. पण घराची पायरी चढू नकोस."

तेव्हापासून रमाकांत दर रविवारी टेम्पोत बसून शेतावर जात. आधी त्यांनी चरात चुनखडीचे तुकडे टाकून पाहिले. त्यांच्यावर गंजाचा थर चढला आणि ते नुसते दगड होऊन बसले. मग चराच्या तोंडाशी खड्डा खणवून घेतला, त्यात शेण, भुसा नि चुनखडी भरली आणि वर पाणी तुंबवलं. हवा लागली नाही की त्या शेणात सूक्ष्म जंतू वाढतात. ते पाण्याचा आंबटपणा मोडतात आणि लोखंड काळा गाळ होऊन तळाशी बसतं. काम आटोपलं की ओसरीवर नवराबायको चहा पिताना लांबून दिसत. रमाकांत बांधावर बसून डब्यातली पोळी खात आणि परत फिरत. घरी गेल्यावर कधीकधी सोमवार संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं, पण वाईट वाटतंय हे सांगायचं तरी कोणाला?

पितृपक्षात खड्ड्याला एकदाचा तो कुजक्या अंड्यांचा वास सुटला; जंतू कामाला लागले होते. आंबटपणानं लाल पडणारी तपासणीची कागदपट्टी हिरवट पडू लागली. तळ्यात बेडूक ओरडले. मग शिवाजीरावांचा फोन आला. "पाणी साफ दिसतंय. दसऱ्याला सोनं द्यायला ये."

रमाकांतांनी नवा सदरा घातला, ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातून आपट्याची पानं घेतली आणि शेत गाठलं. घराआधी पाय सवयीनं खड्ड्याकडेच वळले. वास नव्हता. खड्डा तळापर्यंत उपसलेला, घासून धुतलेला. काठाला चुना मारून झेंडूची माळ घातली होती, हळदकुंकू वाहिलं होतं. बाजूला काळा गाळ उन्हात वाळत पडला होता.

"कसा चमकतोय बघ," शिवाजीराव मागून म्हणाले. "काल खंडेनवमी होती ना. तलवार, ट्रॅक्टर, मोटर, सगळं धुऊन पूजलं. मग म्हटलं, रमाकांतचा खड्डा पण औजारच आहे, असा गंदा कसा पूजायचा? माणसं नाक दाबून पळाली. मी स्वतः उतरलो."

रमाकांतांना आधी संताप आला. मग एवढा ताठ माणूस आपल्यासाठी गुडघाभर घाणीत उतरला, हे डोळ्यांपुढे आलं आणि राग विरला.

"शिवाजी, तो गाळच औषध होता. त्याला उपसायचं नसतं, हवा लागू द्यायची नसते. पाणी आता परत आंबट होईल."

शिवाजीरावांचा चेहरा पडला. "मतलब मीच वाट लावली. अरे, सांगायचं नाही का आधी?"

"सांगणार कसं? तू बोलत कुठे होतास?"

शिवाजीराव माळेतलं एक फूल चुरगाळत राहिले.

"जाऊ दे," रमाकांत म्हणाले. "चर माझा, सफाई तुझी. फिट्टंफाट झाली. परत भरू."

"आणि भरल्यावर?"

खरं उत्तर एकच होतं: भरल्यावर काही करायचं नसतं, त्याला एकटं सोडायचं. रसायनशास्त्रात रमाकांत जन्मात खोटं बोलले नव्हते.

"भरल्यावर दर रविवारी यावं लागेल मला," ते म्हणाले.

"हात लावायचा नाही म्हणतोस, मग येऊन करशील काय?"

"जवळ बसावं लागतं. दिवसभर."

शिवाजीरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ओसरीकडे तोंड करून हाक दिली, "अहो, ऐकलंत का? रविवारी भाऊजी जेवायला असतील. हर रविवारी."

रमाकांतांनी त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. त्या हाताला अजून कुजक्या अंड्यांचा वास येत होता.