डावा कान करंगळीभर वर

आमच्या घराण्यात डावा कान उजव्यापेक्षा करंगळीभर वर असतो. पणजोबांचा होता, आजोबांचा होता, बाबांचा आहे आणि माझाही. आत्या म्हणते, शाळेत मास्तरांनी एकच कान पिळला असणार. चार पिढ्यांना एकच मास्तर? पण आत्याशी वाद कोण घालणार!

यात बिघडलं काहीच नसतं, पण आमचं दुकान चष्म्यांचं. बाबा प्रत्येक चष्मा तयार झाला की आधी स्वतःच्या नाकावर चढवतात आणि आरशात सरळ दिसेपर्यंत त्याच्या काड्या वाकवतात. म्हणजे तो बाबांना सरळ, गिऱ्हाइकाला तिरका. गिऱ्हाईक बिचारं मान कलती करून जुळवून घेतं. आमच्या गल्लीत दोन माणसं बोलत उभी असली, की एकमेकांवर संशय घेतायत असंच वाटतं.

मी चष्म्यांचं काम रीतसर शिकून आले, पण बाबा मला त्यांच्या खुर्चीत बसू देईनात. "तू काचा पूस." वर्षभर पुसल्या.

एका सकाळी समोरचा फोटोवाला तणतणत आला.

"चष्मेवाले, ओळखपत्राचे सतरा फोटो परत आले! मान सरळ करा म्हटलं की चष्मा घसरतो, चष्मा सरळ केला की मान जाते. आता माझा स्वतःचा करून द्या. नीट बसला तर ठीक, नाहीतर दारावर पाटीच लावतो, इथले चष्मे घालून येऊ नये!"

"बाबा, हा मी करते," मी म्हटलं.

"आणि बिघडला तर?"

"तर जन्मभर काचा पुसेन."

बाबांना सौदा आवडला.

स्वतःच्या तोंडावर माझा भरवसा नव्हता. तोंड घराण्याचंच. मी गवंड्याकडून पाणसळ आणली आणि चष्मा तिच्यावर ठेवून बुडबुडा बरोबर मधे आणला. केसाचाही फरक नाही!

फोटोवाल्याने चष्मा घातला. तिरका. तोही उलट्या बाजूला.

"काचा वाट बघतायत हं," बाबा म्हणाले.

मी फोटोवाल्याकडे नीट निरखून पाहिलं. "काका, रागावू नका. तुमचा उजवा कान वर आहे."

"माझा? अगं, बावीस वर्षं मी लोकांना सरळ बसवतोय!"

"आणि तुमचा फोटो कोण काढतं?"

आरशासमोर जाऊन त्याने दोन्ही कानांवर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.

"बायको म्हणायची," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, भांडतेय."

मी काडी गरम करून त्याच्या कानाबरहुकूम वाकवली. त्याने मान गदागदा हलवली. चष्मा जागचा हलला नाही. "कुणाला सांगू नका," म्हणत तो ताठ मानेने गेला.

"म्हणजे सगळ्यांचेच कान वाकडे?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांचेच. फक्त प्रत्येकाचे वेगळे."

"मग आपलं विशेष ते काय राहिलं?" बाबा खरंच खट्टू झाले.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. दारातच तिने सगळं ऐकलं होतं. डबा ठेवला, चष्मा काढला आणि ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ऐसपैस बसली.

"आता माझा कर गं. लग्न झाल्यापासून ह्यांच्या कानांनी जग बघतेय."

बाबा मुकाट्याने खुर्चीतून उठले. मला म्हणाले, "बस. पण हिचे कान दोनदा मोज. मला रात्री घरीच जायचंय."