भाड्याची पगडी

संभाजीरावांनी आयुष्यात आठ राजीनामे दिले होते आणि त्यांतल्या एकाचाही त्यांना पश्चात्ताप नव्हता. पश्चात्तापाचं काम घरात सुधाताईंकडं होतं. राजीनामा दिला की संभाजीराव ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या आपल्या दोन खोल्यांत छाती पुढं काढून शिरायचे, बूट कोपऱ्यात भिरकावायचे आणि म्हणायचे, "सुधा, तोंडावर मारून आलो!" मग चार नातेवाईक यायचे, "शेवटी रक्त बोलतं हो," म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. दुसऱ्या दिवशी वाण्याकडं उधारी मागायला मात्र रक्त जात नसे, सुधाताई जात.

आता हे रक्त म्हणजे काय, तर संभाजीरावांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि दसऱ्याच्या दरबारात शिंदेशाही पगडी घालून उभे राहायचे. संस्थान गेलं, फौज गेली, जमीन भावकीनं खाल्ली. पगडी तेवढी उरली. कपाटावर पुठ्ठ्याच्या डब्यात ती असायची, दसऱ्याला खाली उतरायची, दोन फुलं घेऊन पुन्हा वर जायची. पण तिचा पीळ नातवाच्या डोक्यात उतरला होता त्याला काय करणार! कुणी 'अरे' म्हटलं म्हणून एक नोकरी सुटली, कुणी चारचौघांत आवाज चढवला म्हणून दुसरी. एका साहेबानं तर नुसतं न उठता, बसल्या जागेवरून हात मिळवायला पुढं केला होता. तेवढ्यावर महाशय घरी. दर वेळी भविष्य निर्वाह निधीतले पैसे निघाले आणि पुढची नोकरी लागेपर्यंत डाळ-तांदळात गेले. पन्नाशीला टेकले तेव्हा म्हातारपणासाठी गाठीला छदाम नव्हता. घर चाललं ते सुधाताईंच्या शिलाई मशीनवर. ब्लाउज, फॉल, पिको. अख्ख्या लश्कर भागातल्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती, आणि त्यांचे गुडघे कधीच कामातून गेले होते.

नववी नोकरी टिकली. सिटी सेंटर भागातल्या एका मोठ्या हॉटेलात संभाजीराव लग्नाच्या हॉलचे सुपरवायझर झाले, आणि जुना मालक माणूस ओळखणारा होता, म्हणून दहा वर्षं निभावली. त्या मालकानं जुन्या लोकांसाठी एक योजना केली होती. कंपनी दर महिन्याला माणसाच्या नावानं पैसे भरायची. साठी भरून निवृत्त झालं की महिन्याला साडेसहा हजार, आपल्यामागं बायकोलाही. पण साठीच्या आधी राजीनामा दिला तर कंपनीचा सगळा वाटा कंपनीकडं परत. त्यात या नोकरीतल्या फंडाचं व्याज मिळवलं की दोघांचं नीट भागत होतं, दुखण्याखुपण्याला चार पैसे उरत होते. सुधाताईंनी हिशेब कितीदा केला असेल! दर वेळी शेवटी एकच उत्तर यायचं, संक्रांतीला हे निवृत्त झाले की मशीनवर चादर टाकायची ती कायमची.

आणि कार्तिकातल्या देवउठनी एकादशीला, लग्नांचा मोसम सुरू होता होता, माशी शिंकली.

त्या रात्री संभाजीराव जेवायला बसले ते घास नुसते चिवडत राहिले. सुधाताईंनी वाढता वाढता हात थांबवला.

"काय झालं हो?"

"काही नाही."

"काही नाही म्हणता तेव्हाच काहीतरी असतं. बोला."

मग बोलले. जुन्या मालकाच्या मुलानं हेमेंद्र नावाचा नवा मॅनेजर आणला होता, पस्तिशीचा, दिल्लीचा. उद्या एका बड्या व्यापाऱ्याकडचं लग्न होतं आणि हेमेंद्रला दारात 'ग्वालियर का शाही स्वागत' हवं होतं. कुणीतरी त्याला संभाजीरावांच्या आजोबांची गोष्ट सांगितलेली. झालं! संभाजीरावांनी अंगरखा आणि पगडी घालून दारात उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाकून तीन वेळा मुजरा करायचा.

"म्हणतो, काकाजी, घर में असली पगड़ी है ना? वही ले आइए, फोटो अच्छे आएँगे." संभाजीरावांनी ताट बाजूला सारलं. "आजोबांची पगडी! त्या वरातीतल्या दारुड्यांसमोर!"

समोर बसलेला समरजीत ताडकन उठला. हा त्यांचा मुलगा, गाड्यांच्या शोरूममध्ये कमिशनवर काम करायचा. महिन्याच्या वीस तारखेला आईकडं पेट्रोलला पैसे मागायचा, पण पीळ बापाचाच.

"बाबा, लात मारो ऐसी नौकरी को! उद्याच देऊन या राजीनामा. मी आहे ना, देख लेंगे!"

"तू काय देखणार रे?" सुधाताई कडाडल्या. "आधी स्वतःचं पेट्रोल देख! अहो, दोन महिने राहिलेत. दोन महिने फक्त. एक दिवस सोंग केलं तर काय आभाळ कोसळतं?"

"आई, इज्जत का सवाल है."

"इज्जतीला फोडणी द्यायला तेल मीच आणते बाळा, मला नको शिकवूस!"

नेहमी संभाजीराव भांडायचे, पाट आपटायचे, आजोबांपासून सुरुवात करायचे. आज मुकाट्यानं हात धुतले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. सुधाताईंना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ओरडणारा नवरा त्यांना हाताळता येत होता, हा गप्प नवरा नवीन होता.

सकाळी संभाजीरावांनी दाढी केली, ती गालावरून दोनदा हात फिरवून. बुटांना पॉलिश केलं. सुधाताई ब्लाउजाच्या गिऱ्हाइकाशी दारात बोलत होत्या, तेवढ्यात ते पिशवी घेऊन "येतो" म्हणाले आणि गेलेसुद्धा. गिऱ्हाईक गेल्यावर सुधाताई आत आल्या आणि ओट्याकडं बघून जागच्या जागी थबकल्या.

जेवणाचा डबा ओट्यावरच होता.

अगं बाई! आठही राजीनाम्यांच्या दिवशी संभाजीरावांनी डबा नेला नव्हता. दुपारी घरीच यायचं, तर डबा कशाला न्यायचा! सुधाताईंनी वर कपाटाकडं पाहिलं. पुठ्ठ्याचा डबा जरा तिरका झाला होता. स्टूल ओढून त्या चढल्या, झाकण उघडलं. आत नुसतं लाल फडकं. पगडी नव्हती.

म्हणजे हा माणूस आजोबांची पगडी घालून राजीनामा द्यायला गेला होता! नववा राजीनामा असा थाटात द्यायचा, सगळ्या शहरानं बघावा असा. सुधाताई स्टूलावरून उतरल्या. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुपार झाली तरी संभाजीराव घरी आले नाहीत, तेव्हा त्यांना वेडी आशा वाटायला लागली आणि आशेनं जीव आणखीच टांगणीला लागला. मशीनवर बसल्या तर शिलाई वाकडी गेली. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी.

शेवटी संध्याकाळी त्यांनी हॉटेलच्या काउंटरवर बसणाऱ्या गोविंदला फोन केला. गोविंद संभाजीरावांच्या बरोबरीनं लागलेला, घरी येणंजाणं असलेला माणूस.

"वहिनी, सकाळी दादा साहेबांच्या केबिनमध्ये गेले होते," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बराच वेळ दार बंद होतं. साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मग... थांबा हं, बारात आ गई. नंतर बोलतो."

फोन बंद. मग काय? मग काय झालं गोविंदा? सुधाताईंनी पदर खोचला, पाकीट घेतलं, घराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारी दिली.

शेअरच्या टेंपोत त्या चार बायकांमध्ये चेपून बसल्या. फूलबागेपर्यंत बरं चाललं होतं, पुढं पडावच्या पुलाजवळ एक वरात आडवी आली. घोड्यावर नवरदेव, पुढं नाचणारे, मागं अडकलेलं सगळं गाव. सुधाताई मनातल्या मनात बोलणी जुळवत होत्या. हेमेंद्राच्या पाया पडायचं. साहेब, हे रागीट आहेत, पण मनात काही नाही. कागद फाडून टाका, मी त्यांना समजावते. पाया पडायची त्यांना लाज नव्हती. आयुष्यभर वाण्याच्या, फीवाल्याच्या, डॉक्टरच्या पाया पडून झालं होतं, अजून एक. पण राजीनामा आता कंपनीच्या मुख्य ऑफिसात गेला असला तर? आणि नवऱ्यानं चारचौघांत 'सुधा, चल घरी' म्हणून हाताला धरून ओढलं तर? त्या विचारानं त्यांना असा संताप आला, असा संताप आला, की शेजारच्या बाईनं विचारलं, "बहनजी, तबीयत ठीक है?"

"ठीक है," सुधाताई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हॉटेलच्या फाटकाशी त्या उतरल्या तेव्हा दिव्यांनी सगळं झगमगत होतं. ढोल असा वाजत होता की छातीत धडधड ढोलाची की आपली ते कळेना. पाहुण्यांच्या घोळक्यातून वाट काढत त्या मोठ्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या.

दारात संभाजीराव उभे होते.

अंगात सॅटिनचा अंगरखा, काखेत फाटलेला आणि टाचणीनं टोचलेला. डोक्यावर पगडी. ती आजोबांची नव्हती. नाटकवाल्याकडनं भाड्यानं आणलेली, टिकल्या लावलेली, एका बाजूचा गोंद सुटलेली. आत येणाऱ्या प्रत्येकासमोर संभाजीराव कमरेतून वाकत होते. एकदा, दोनदा, तीनदा. एका पोरानं त्यांच्या खांद्यावर हात टाकून मोबाइलवर फोटो काढला. दुसऱ्यानं, समरजीतपेक्षाही लहान असेल, शंभराची नोट त्यांच्या अंगरख्याच्या खिशात कोंबली आणि ओरडला, "मराठा सरदार की जय!" सगळे हसले. संभाजीराव वाकले.

सुधाताईंनी तीस वर्षं देवाकडं एकच मागणं मागितलं होतं, की या माणसाला जरा वाकायला शिकव. आज देवानं शिकवलं होतं आणि त्यांना ते बघवेना. त्या तरातरा पुढं गेल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

"चला घरी."

संभाजीराव दचकले. "तू? इथं कशी?"

"काढा ते डोक्यावरचं आणि चला. नको आपल्याला यांचे पैसे. मी शिवीन अजून. दहा वर्षं शिवीन. चला म्हणते ना!"

संभाजीरावांनी त्यांना खांबाच्या आडोशाला घेतलं. त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता. जवळून बघितल्यावर सुधाताईंना दिसलं की त्यांची मान थरथरते आहे.

"सुधा, आठ वेळा मी सोडून आलो. तू एकदा तरी म्हणालीस का, बरं केलंत, चला घरी?"

"नाही."

"मग आजच कशाला म्हणतेस? आज टिकलोय तर टिकू दे मला."

"पण पगडी? मी डबा बघितला. मला वाटलं, तुम्ही ती घालून..."

"घालणारच होतो. ती घालून त्याच्या टेबलावर राजीनामा आपटायचा, असं रात्रीच ठरवलं होतं. केबिनबाहेर पिशवी उघडली. पगडीत तू दसऱ्याला घातलेलं फूल होतं, वाळलेलं. म्हटलं, ही बाई गुडघे धरत स्टूलावर चढते ती माझ्या आजोबांसाठी. आणि तिच्यासाठी मी काय केलं? आत गेलो आणि त्याला सांगितलं, पगडी आणलेली नाही, भाड्याची मागवा. तो बोलला खूप. बोलू दिलं. पगडी आजोबांची आहे, ती नाही वाकणार. डोकं माझं आहे, ते मी वाकवीन."

सुधाताईंना हुंदका फुटला. पदर तोंडात कोंबून त्या रडल्या, आणि रडता रडता त्यांना राग आला.

"मग फोन तरी उचलायचा! मेले असते ना मी! आणि डबा का नाही नेलात?"

"घास उतरला नसता गं."

"काकाजी! कहाँ हैं आप? दूल्हे की माताजी आ रही हैं!" आतून हेमेंद्राचा आवाज आला.

"आया साहब!" संभाजीराव ओरडले. मग खिशातली ती शंभराची नोट काढून त्यांनी सुधाताईंच्या हातात ठेवली. "पिशवी गोविंदच्या काउंटरखाली आहे, घेऊन जा. आणि टेंपोनं नको, ऑटो कर. गुडघे दुखतात तुझे." सुटलेला गोंद अंगठ्यानं दाबत त्यांनी पगडी सरळ केली आणि ते दाराकडं गेले.

ऑटोत सुधाताईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. पडावचा पूल यायच्या आतच समरजीतचा फोन आला.

"आई, घराला कुलूप आहे, कुठं आहेस? काय झालं? दे दिया ना बाबांनी? तोंडावर मारला ना?"

"नाही," सुधाताई म्हणाल्या. "तुझे बाबा कामावर आहेत. उशिरा येतील, दमून येतील. शेजारून किल्ली घे आणि पाणी तापवून ठेव त्यांना पाय शेकायला. आणि उद्यापासून घरात कुणी इज्जतीचं नाव काढायचं नाही, काढायचं तर आधी पगार आणून ठेवायचा."

आणि त्यांनी फोन ठेवला. माधवगंजात उतरल्यावर ऑटोवाल्यानं शंभर रुपये मागितले. एरवी त्यांनी वीस तरी कमी केले असते. आज त्यांनी ती नोट उलगडली, तळहातावर ठेवून सरळ केली आणि त्याला दिली.