दाऱ्याचे चार पत्ते

बाबांनी दाऱ्याला सुपाएवढे कान दिले होते आणि डोळे मिटलेले काढले होते. डोक्याला मुंडासं, खांद्यावर फावडं, धोतर गुडघ्यापर्यंत. उसाला पाणी देणारा, एकेका सरीचं दार उघडणारा-लावणारा गडी. चित्र टपालाने पुण्याला आलं तेव्हा मी फोन केला.

"बाबा, डोळे उघडे काढा की. मुलांना आवडेल."

"त्याला दिसत नाही, बाळ. नुसतं ऐकू येतं. सांगू तेवढंच करतो. मी कॉम्प्युटर काढलाय, माणूस नाही."

तीस वर्षं बारामतीत गणित शिकवून बाबा निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्याने घेतलं की, मुलांना कॉम्प्युटर दिसण्याआधी त्याला हुकूम द्यायला शिकवायचं. मी पुण्यात प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करते, म्हणून प्रत्येक कल्पनेची परीक्षा माझ्यावर व्हायची.

इंदापूरच्या एका शाळेत दीड वर्षापासून एक कॉम्प्युटर कुलपात होता. धूळ बसेल, पोरं मोडतील, अशी हेडमास्तर मोहनरावांना धास्ती. बाबांनी मार्चमध्ये त्यांच्याकडून शब्द घेतला होता. पोरांना बिनचूक हुकूम देता येतात हे मोहनरावांच्या समोर दाखवायचं, त्याच दिवशी खोली उघडायची. तारीखही ठरली. जुलैतला दुसरा शनिवार, साल सत्त्याण्णव.

बाबा जूनमध्ये गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन तीन आठवडे झाले होते. कपाट आवरताना बुटाच्या खोक्यात दाऱ्याला द्यायच्या हुकमांचे चार पत्ते सापडले, झाकणावर ती तारीख. त्या शनिवारी मी इंदापूरची एसटी धरली.

"सरांचं ऐकलं. वाईट झालं," मोहनराव म्हणाले. "पण अट तीच हाय बरं का."

मला बरं वाटलं. महिनाभर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.

सहावीची मुलं मैदानात आली. आम्ही फक्कीने आठ सऱ्या आखल्या, त्यांच्या माथ्यावर आडवा पाट. प्रत्येक सरीच्या तोंडाला एक वीट. वीट काढली की दार उघडलं, लावली की बंद. पहिल्या सरीची वीट काढून ठेवली. दिग्विजय नावाचा दांडगा मुलगा दाऱ्या झाला, त्याच्या डोळ्यांवर माझी ओढणी. बाकीच्यांनी बाबांच्या अक्षरातले चार पत्ते ओळीने वाचायचे:

सरी भरेपर्यंत थांब.
भरलेल्या सरीचं दार लाव.
पुढच्या सरीचं दार उघड.
पुन्हा पहिल्या पत्त्यापासून.

पाणी मनातलंच. सगळ्यांनी दहा आकडे मोजले, सरी भरली. दिग्विजयने वीट लावली आणि पोरं फिदीफिदी हसायला लागली. मला वाटलं, ओढणीला हसतायत. तेवढ्यात दोन वेण्यांची एक किडकिडीत मुलगी उठली. तिचं नाव नकोशी.

"ताई, पाट फुटला."

"कुठला?"

"ह्योच की. मागचं दार लावलं, पुढचं उघडलंच न्हाय. पाणी जाणार कुठं? ह्यो दिग्या हुडकत बसंल तवर पाट फुटून सगळं रानात. आधी पुढचं उघडायचं, मग मागचं लावायचं. घरी दारं मीच धरती."

मोहनरावांच्या मिशीखाली हसू आलं. त्यांचाही ऊस होता.

"पत्ते कुणी लिहिलं म्हणायचं?"

"बाबांनी."

"सरांचं गाव कुठलं?"

"मोरगाव."

सगळा वर्ग हसत सुटला. "मोरगावला शेरडांना प्यायला पाणी न्हाय," दिग्विजय ओढणीखालून ओरडला, "दारं कुठली धरत्यात!"

खरंच होतं. बाबा बाजरीच्या रानात वाढले. पाट त्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल, तेवढाच. महिनाभरात बाबांना कुणी हसलेलं ऐकलं नव्हतं. मीही हसले.

मोहनराव मात्र उठले. "म्हंजे मुळात पत्तेच चुकलेत. मग खोली कशी उघडू, तुमीच सांगा."

पर्समध्ये पेन होतं. पण बाबांच्या अक्षरावर काट मारायला हात उचलेना. नकोशीने मला विचारलंही नाही. दुसरा पत्ता तिसऱ्याच्या जागी ठेवला, तिसरा दुसऱ्याच्या.

"थांबा की सर. आता बघा."

एक अक्षरही खोडावं लागलं नव्हतं.

या वेळी पाणी झकास निघालं. तिसरी सरी, पाचवी, आठवी. आठवी भरली आणि पोरं ओरडली, "पुढच्या सरीचं दार उघड!" नववी सरी नव्हतीच. दिग्विजय चाचपडत रेघेबाहेर गेला आणि वीट समजून मोहनरावांचा बूट उपटायला लागला.

"आरं सोड!"

"गेलं पाणी तात्याबाच्या रानात!" नकोशीने कपाळावर हात मारला. तात्याबा म्हणजे तिच्या शेताचा शेजारी, बांधावरून वर्षभर भांडणारा. "आता येतोय बघ कुऱ्हाड घेऊन!"

"पुढं सरी हाय का, ते आधी बघायला सांग त्याला," मोहनराव बूट सोडवत म्हणाले.

"त्याला दिसत न्हाय, सर!"

"मग मोजायला सांग! हितं बघ." ते धोतर सावरून मातीत उकिडवे बसले, खिशातून हाताला लागेल ते काढलं आणि रेघा मारायला लागले. "सरी भरली की म्हणायचं एक. मग दोन. आठ झालं की पुढं जायचंच न्हाय."

"मग पाटाचं तोंड लावायचं," कुणीतरी म्हणालं.

"आन् घरी जायचं," नकोशी म्हणाली. तिने पाचवा पत्ता लिहिला: आठ सऱ्या भरल्या का? भरल्या असतील तर पाटाचं तोंड लाव आणि घरी जा. पहिल्या पत्त्याच्या खाली ठेवला.

तिसऱ्या खेपेला दिग्विजयने आठव्या सरीनंतर पाटाचं तोंड लावलं, ओढणी काढून माझ्या हातात दिली आणि दप्तर उचलून सरळ फाटकाकडे निघाला. त्याला हाका मारून परत आणावं लागलं.

"सर," नकोशीने हात पुढे केला, "किल्ली."

मोहनरावांनी हातातल्या वस्तूकडे पाहिलं. मघापासून ते खोलीच्या किल्लीनेच मातीत सऱ्या पाडत होते. त्यांनी ती धोतराला पुसली आणि तिच्या हातावर ठेवली.

चपला बाहेर काढून आम्ही आत गेलो. कॉम्प्युटरवर फुलाफुलांची चादर होती. माझ्याकडच्या फ्लॉपीत हाच खेळ होता, बाबांच्याच क्रमाने, त्यांना दाखवायला लिहिलेला. मी दोन ओळींची अदलाबदल केली, मोजण्याची ओळ घातली, आणि नकोशीने एका बोटाने बटण दाबलं. चौकोनाचौकोनांचा दाऱ्या, मोठे कान, मिटलेले डोळे, एकेक सरी भरत गेला. आठवी झाली. त्याने पाटाचं तोंड लावलं आणि पडद्याच्या कडेने बाहेर गेला. पडदा काळा.

"गेला घरी?" नकोशीने विचारलं.

"गेला," मी म्हटलं.

"थांबा, मी बोलवती," ती म्हणाली आणि बटण दाबलं.